आईची सासू, आमची आजी

आजी गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांचा फार घोळ झाला. सांत्वन नक्की कोणाचं करायचं हेच त्यांना कळेना. सगळ्यांत जास्त रडत होते ते बाबा. म्हणून समोरच्या घरात नवीनच राहायला आलेली शेजारीण त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आईची माया दुसऱ्या कोणाला येत नाही हो."

बाबा नाक पुसत म्हणाले, "आई नव्हे, सासू."

मग ती माझ्या आईकडे वळली. "असं होय, तुमच्या आई का?"

"नाही," आई म्हणाली, "माझ्याही सासूच."

शेजारणीने एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघितलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या काकांना राहवलं नाही. "आई माझी," ते म्हणाले, "पण वापरली यांनीच जास्त." त्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

हा घोळ आजीनेच घालून ठेवलेला होता, आणि तो तिने अगदी ठरवून घातला होता. कसा, ते सांगते.

आजी सरकारी दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला लागून एक लांबट शेड होती. एका बाजूने वॉर्डांतल्या मळक्या चादरींच्या ट्रॉल्या आत यायच्या, दुसऱ्या बाजूने घड्या घातलेल्या गठ्ठ्यांच्या ट्रॉल्या बाहेर जायच्या. मधे माणूस उभा राहिला तर आत मावेल एवढाली धुलाईयंत्रं, आणि गरम रोलर, ज्याच्यातून चादर सरकली की पापडासारखी ताठ होऊन बाहेर यायची. आत कायम वाफ. हिवाळ्यात दवाखान्यातली निम्मी माणसं काहीतरी निमित्त काढून तिथे ऊब घ्यायला यायची, आणि उन्हाळ्यात कुत्रंही फिरकायचं नाही.

ती तिथे लागली तेव्हा तिची दोन मुलं शाळेतही जात नव्हती. आजोबा ट्रक चालवायचे, घाटात अपघात झाला आणि ते गेले. माहेरी भावजयीने दोन महिने सांभाळलं आणि तिसऱ्या महिन्यापासून भांडी आपटायला सुरुवात केली. आजीने इशारा ओळखला. एका ओळखीच्या नर्सने लॉन्ड्रीत शब्द टाकला, आणि आजीने दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं. तेच आमचं घर.

दवाखान्यात तिला सगळे 'कडक मावशी' म्हणायचे. चादरींना घालायच्या खळीमुळे की स्वभावामुळे, यावर दोन मतं होती. चादरीवर सुरकुती राहिलेली तिला चालायची नाही आणि माणसाच्या बोलण्यात तर त्याहून नाही. पण एकदा एका उशीच्या अभ्र्यातून कवळी निघाली. धुतलेली, चकचकीत. बाकीच्या बायका हसून हसून लोळायच्या बेतात आल्या. आजीने ती कवळी स्वच्छ फडक्यात बांधली आणि वॉर्डावॉर्डातून फिरली. प्रत्येक म्हाताऱ्याच्या कॉटपाशी जाऊन म्हणायची, "आजोबा, जरा हसून दाखवा." ज्यांनी हसून दाखवलं ते सुटले. शेवटच्या वॉर्डात एक आजोबा काही केल्या तोंडच उघडेनात. आजीने कवळी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घ्या. आता भरल्या तोंडाने शिव्या द्या मला." त्या आजोबांनी पुढे बरं होऊन घरी जाताना लॉन्ड्रीत येऊन तिला दोन्ही हात जोडले होते. हा किस्सा ती सांगायची नाही, बाकीच्या बायका सांगायच्या.

तिचा थोरला मुलगा म्हणजे माझे पप्पा. ते वीजमंडळात लाइनमन होते. खांबावर चढायचं काम. आजीला ते काम कधीच आवडलं नाही, पण पप्पांना उंचावरून गाव बघायला आवडायचं. आईशी त्यांचं लग्न झालं, मी झाले, आणि मी पहिलीत असताना वादळात तुटलेली तार जोडताना ते वरून पडले.

त्यांना आजीच्याच दवाखान्यात आणलं. आजी लॉन्ड्रीतून धावत वर गेली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या अंगावर जी चादर होती ती त्याच दिवशी सकाळी तिच्या हाताखालून गेलेली असणार, कारण दुसरीकडून चादर येणार कुठून? हे मला तिने कधी सांगितलं नाही. हे आईने सांगितलं. आईने असंही सांगितलं, की आजीने ती चादर खांद्यापर्यंत नीट ओढली, कडेची घडी सरळ केली आणि मगच खाली बसली.

आठवड्याभराने आजी कामावर परत गेली. आई मात्र खिडकीशी बसली ती बसलीच. केस विंचरायची नाही, जेवायला हाक मारली तर "हो" म्हणायची आणि उठायची नाही. माझं सगळं आजीच करायची. सकाळी माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की भुवया वर ताणल्या जायच्या आणि शाळेत बाई विचारायच्या, "काय गं, आश्चर्य कसलं वाटतंय तुला एवढं?" शाळा सुटली की मी थेट लॉन्ड्रीत जायचे. घड्या घालायच्या मोठ्या टेबलाच्या एका टोकाला माझं दप्तर, दुसऱ्या टोकाला चादरींचा डोंगर.

असे काही महिने गेले. मग एक दिवस आजी आईच्या समोर जाऊन बसली.

"रडायचं तर रड," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही. मीही रडते. पण रडून झालं की पुढे काय, याचा काही विचार केलायस का?"

आई म्हणाली, "काय करायचंय आता, आई? संपलं सगळं."

"तुझं वय काय आणि संपलं म्हणतेस? अगं, माझ्या चादरीसुद्धा तुझ्याहून जुन्या आहेत, आणि अजून वापरात आहेत." आणि मग जरा खालच्या आवाजात, "तुला शिकायचं होतं ना? लग्नाआधी नर्सिंगला जायचं म्हणत होतीस. जा. पोरीचं मी बघते."

आई नर्सिंगला गेली. सुरुवातीला आजीच्या धाकाने, नंतर आपल्या मनाने. ती घरी येऊन हाडांची नावं पाठ करायची आणि आजी समोर बसून ऐकायची, मधेच म्हणायची, "एवढी हाडं आहेत होय माणसाला? तरीच सगळीकडून दुखतं." आई त्यावर हसली. पप्पा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

शिक्षण झालं आणि आईला त्याच दवाखान्यात नोकरी लागली. ड्यूटी संपली की ती मला न्यायला लॉन्ड्रीत यायची. आणि इथे बॉयलर मेकॅनिक आले.

बॉयलर जुना होता, कुरकुरायचा, म्हणून एक मेकॅनिक अधूनमधून यायचे. सडपातळ, कपाळावर कायम काळा डाग, कारण घाम पुसायचा हात नेहमी तेलाचाच असायचा. माणसांशी कमी बोलायचे आणि बॉयलरशी जास्त. "काय झालं रे, कशाला रुसलास?" असं विचारत पाना फिरवायचे. मला ते आवडायचे, कारण ते मला वाफेचा दाब दाखवणारा काटा वाचायला शिकवायचे आणि मी चुकले तरी हसायचे नाहीत.

हळूहळू बॉयलर फारच वरचेवर तपासला जायला लागला. तोही बरोबर आईची ड्यूटी संपायच्या वेळी. आजीने चार-सहा वेळा बघितलं आणि एक दिवस ती कमरेवर हात ठेवून बॉयलरच्या दारात उभी राहिली.

"मेकॅनिक, काय झालंय बॉयलरला?"

"तसं काही नाही, मावशी. जरा बघत होतो."

"बॉयलरला काही झालेलं नाही. झालंय ते तुम्हाला."

मेकॅनिकच्या हातातला पाना खाली पडला. त्याचा आवाज शेडभर घुमला. बायकांनी घड्या घालायच्या थांबवल्या. मीही पेन्सिल थांबवली.

"घरी कोण कोण असतं?" आजीने विचारलं.

"कोणी नाही. आईवडील लहानपणीच गेले. मामाकडे वाढलो."

"दारू?"

"नाही."

"राग?"

मेकॅनिकने विचार केला. "बॉयलरचा येतो कधीकधी."

"तिला एक मुलगी आहे, माहीत आहे ना?"

"मुलगी माहीत आहे," ते म्हणाले. "मुलीशी माझी ओळख आधीची आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजी वळली आणि कामाला लागली. पण त्या दिवशी तिने रोलरमध्ये एक चादर उलटी घातली. असं तिच्या हातून कधी व्हायचं नाही.

आजीने मेकॅनिकशी लग्न करायचा विषय काढला तेव्हा आईने आधी साफ नाही म्हटलं. माझा अभ्यास चालला होता आणि त्या दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या. दोन खोल्यांच्या घरात कान मिटून घेता येत नाहीत.

"आई, तुम्ही त्यांच्या आई आहात," आई म्हणत होती. "तुम्हीच मला हे सांगताय?"

"मी सांगायचं नाही तर कोणी सांगायचं? दुसरं कोणी सांगणार नाही. मला कुठे कोणी सांगितलं?"

आईने नळ सोडला. आजी म्हणाली, "औषधं द्यायच्या खिडकीवर एक कंपाउंडर होता. चांगला माणूस होता. त्याने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मनात नव्हतं म्हणून नाही. भावजय काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, पोरं मोठी झाल्यावर काय म्हणतील, म्हणून. त्याने बदली करून घेतली. भावजयीने काही त्यानंतर माझी चौकशी केली नाही, आणि शेजारी तर घर सोडूनच गेले. ज्यांच्यासाठी मी नाही म्हटलं, त्यांच्यापैकी एकाच्याही ते लक्षात नाही."

नळ बंद झाला. मग आई रडायला लागली आणि आजी म्हणाली, "आता रड पोटभर. पण नाही म्हणू नकोस."

खरं वादळ उठलं ते काकांचं. काका म्हणजे आजीचा धाकटा मुलगा, बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांना कळलं तसे ते दुकान उघडं टाकून आले.

"आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दादाला जाऊन किती वर्षं झाली? लोक तोंडात शेण घालतील!"

"तोंड मिटून ठेव. मग कसं घालतील?"

"चेष्टा सुचतेय तुला? वहिनी या घरची सून आहे."

"होती," आजी म्हणाली. "आता माझी मुलगी आहे. सून दिवसभर राबवायची असते, मुलीचं भलं बघायचं असतं. मी माझ्या मुलीचं लग्न करतेय. तुला यायचं तर ये."

"मी नाही येणार. आणि हे झालं तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

आजीने त्यांच्याकडे बघितलं. तिचा आवाज चढला नाही. "तू माझा आहेस. रागावलास तरी माझाच राहशील. ही एकदा दाराबाहेर एकटी पडली तर कोणाचीच राहणार नाही." काका दार आपटून गेले.

लग्न विवाह नोंदणी कचेरीत झालं. आजीने साक्षीदार म्हणून सही केली. साहेबाने विचारलं, "आपण वधूच्या कोण?" तर आजी म्हणाली, "जे तुम्हाला सोयीचं पडेल ते लिहा. माणूस मीच आहे." लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या.

आजीने मनाशी धरलं होतं, की आता आई आणि मी मेकॅनिकच्या खोलीवर जाणार आणि ती एकटी राहणार. तिने माझे कपडेही काढून ठेवले होते, इस्त्री करून, आकाराप्रमाणे लावून. पण कचेरीतून आम्ही घरी आलो आणि पाठोपाठ दारात एक टेम्पो येऊन थांबला. त्यात एक पलंग, एक पंखा आणि अवजारांची पेटी.

"हे काय?" आजीने विचारलं.

बाबा म्हणाले (त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणायला लागले), "सासूबाई, मला जन्मात कधी आई मिळाली नाही. आता मिळतेय तर मी तिला सोडून दुसरीकडे का राहू? तुम्हाला अडचण नसेल तर मी इथे येतो."

आजी आत गेली, बराच वेळ आतच राहिली, आणि बाहेर आली ती ओरडतच: "पलंग त्या भिंतीला नको, दार उघडणार नाही!"

भिंतीवर पप्पांचा फोटो होता. बाबा आल्यावर तो काढायचा का, हे विचारायचा धीर कोणाला होत नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो स्वतःच उतरवला. आईचा चेहरा पडला. बाबांनी भिंतीत एक चांगला खिळा ठोकला, फोटोची काच पुसली आणि तो परत लावला. "तिरका होता," एवढंच म्हणाले.

काका खरोखरच आले नाहीत. आजी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गल्लीत जायची. काकूने दार उघडलं तर नातवंडांना भेटायची, नाही उघडलं तर दुकानासमोरून चालत परत यायची. घरी येऊन म्हणायची, "दुकान बरं चाललंय त्याचं." बाकी काही नाही. तिने कधी आईला याबद्दल बोल लावला नाही, बाबांनाही नाही. किंमत मोजली ती तिने एकटीने, आणि आम्हाला कळू न देता.

मग माझा भाऊ झाला. त्या दिवशी आजी लॉन्ड्रीतून ट्रॉली ढकलत थेट बाळंतिणींच्या वॉर्डात आली, सगळ्यांत मऊ चादर घेऊन. सिस्टर म्हणाली, "मावशी, नातू झाला!" आजीने त्याला घेतलं, निरखून बघितलं आणि म्हणाली, "नाक काही माझ्यावर नाही गेलं." रक्ताचा एक थेंबही दोघांत सारखा नव्हता. पण स्वभाव? तो थेट तिचा घेतला त्याने. तीन वर्षांचा असताना तो चादर चुरगळली म्हणून झोपायचा नाही.

त्याच्यासाठी आजीने नोकरी मुदतीआधी सोडली. मला तिने घट्ट वेण्या घालून वाढवलं, त्याला कडेवर घेऊन. मला वाटतं, त्याच्यासोबत ती जरा सैल झाली. एकदा त्याने फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हा माझा कोण?"

"तुझे मोठे बाबा."

"मग ते उतरून खाली का येत नाहीत?"

"त्यांना उंचावरून बघायला आवडतं," आजी म्हणाली. मी अभ्यास करत होते. मला वहीतलं काही दिसेना झालं.

काकांचा राग कशाने गेला, तर अपेंडिक्सने. ते तळमळत दवाखान्यात आले, ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आले तेव्हा वॉर्डात आईची ड्यूटी होती. आईने जुनं काही काढलं नाही. वेळेवर इंजेक्शन दिलं, घोट घोट पाणी पाजलं, आणि त्यांना टाके सांभाळून कुशीवर कसं वळायचं ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी काका छताकडे बघत म्हणाले, "वहिनी, आई येते का इथे?"

"दारातच बसल्यात," आई म्हणाली. "तुम्ही आल्यापासून. तुम्ही बोलवाल तेव्हाच आत येईन म्हणतात."

आजी आत आली. ओरडेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने काकांच्या पायाशी गोळा झालेली चादर सरळ केली, कडा गादीखाली खोचल्या आणि म्हणाली, "दुकान कोण बघतंय?" काकांनी तिचा हात धरला. दुकान त्या आठवड्यात बाबा बघत होते.

मी मोठी झाल्यावर, माझी मुलगी झाल्यावर, एकदा आजीला विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं? आईच्या लग्नाच्या दिवशी?" तोवर तिचे गुडघे गेले होते, बाबांनी घरभर तिला धरायला पाइपचे कठडे लावले होते. ती माझ्या बाळाला मांडीवर घेऊन पाय हलवत होती.

"वाटलं ना," ती म्हणाली. "न वाटायला मी काय दगड आहे? आदल्या दिवशी मी लॉन्ड्रीत मोठं यंत्र सुरू केलं आणि त्याच्या मागे जाऊन रडले. तिथे कोणाला ऐकू येत नाही. माझा मुलगा आता खरोखर गेला असं वाटलं. तोवर ती त्याची बायको होती म्हणून तो थोडा घरात होता."

"मग तरी केलंस?"

"रडून झालं होतं ना," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. मग बाळाकडे बघून, "ही बघ, डोळे मिटले. हळू बोल."

आजी त्याच दवाखान्यात गेली, एका दुपारी, फारसा त्रास न होता. आई तिच्या उशाशी होती, बाबा एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. आईने तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर." आजीने डोळे उघडले नाहीत, पण कपाळावर आठी पडली, तशी ती कोणी अघळपघळ बोललं की पडायची. "मुलगी असं म्हणते का कधी आईला?" ती पुटपुटली. तेवढंच.

आईने तिचं ऐकलं आणि त्यानंतर कधी उपकार हा शब्द काढला नाही. मला मात्र तो काढावासा वाटतो. माझ्या आईला तिने दुसऱ्यांदा आयुष्य दिलं, मला बाबा दिले, बाबांना घर दिलं, आणि जो भाऊ जन्मालाच आला नसता तो दिला. परवा तो वीजमंडळात लागला. बाबांनी काळजीने विचारलं, खांबावर चढायचं काम आहे का? तो म्हणाला, नाही, ऑफिसात. पण चढावं लागलं तर चढेन. काका म्हणाले, चढायचं तर आधी कमरेला पट्टा घट्ट बांध. आणि दुकानातून सगळ्यांत मजबूत पट्टा काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.